आमच्या माळावरचा शेणकिडा

मेंढरांच्या लेंड्या चिमट्यानं फोडत मी माळावर गुडघे टेकून बसलो होतो. अंगावर सावली पडली म्हणून वळून पाहिलं तर मागं आप्पा, माझे वडील. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, आणि चेहरा असा की काठी आता पाठीत बसणार.

"काय करतो रं?"

"किडे बघतोय."

"कशातलं?"

कशातले ते त्यांना दिसत होतंच. मी पुढची लेंडी फोडली.

"माझ्या बापानं लेंड्या झाडल्या, मी झाडल्या. तुला झाडाव्या लागू न्हाईत म्हणून शाळंत घातला, कालेजात घातला. आन् तू प्रोफेसर होऊन हितं लेंड्याच चिवडतो? इस्त्रीची पँट घालून?"

रस्त्यानं चाललेले दोघं-तिघं सायकली थांबवून बघत होते. आप्पांना खरा राग त्याचा आला होता. त्यांनी पायानं माझी बाटली उडवली आणि मेंढरं हाकलत निघून गेले. बाटलीतले किडे गवतात पांगले.

हे नव्वदच्या दशकाच्या मध्यातलं. शिरूरच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवत होतो. राहायला शिरूरलाच होतो, पण रविवारी केंदूरला, घरी यायचो. आमची आधीची पिढी मेंढरांमागं रानोमाळ फिरणारी. आजोबांनी जमीन घेतली, घर बांधलं आणि आम्ही बाजरी-कांदा करणारे झालो. तरी आप्पांनी मेंढरांचं एक लहानसं खांड राखलं होतं. मेंढरं नसती तर सकाळी काय करावं ते त्यांना कळलं नसतं. मात्र पोरांनी मेंढरांच्या वाटेला जाऊ नये हा त्यांचा हट्ट होता. गावातली माझ्या वयाची पोरं रांजणगावच्या कंपन्यांत लागत होती, सकाळी कंपनीची बस त्यांना न्यायला फाट्यावर यायची. कॉलेजात शिकवणारा मी एकटाच. आप्पा ते चारचौघांत बोलून दाखवत नसत, पण मी आलो की मुद्दाम मला घेऊन पारावरून चक्कर मारत. त्या माणसाला माझं लेंड्यांत बसणं किती लागलं असेल, ते मला तेव्हा कळत होतं. पण मला किडा सापडला होता.

शेणकिडे कुणी पाहिले नाहीत असा गावाकडचा माणूस नसेल. गाईम्हशींच्या शेणाच्या पोवाखाली असतात, काही गोळे करून ढकलत नेतात. हा त्यातला नव्हता. तुरीच्या दाण्याहून लहान, काळा, पाठीवर तांब्याच्या भांड्यासारखी झाक. नराच्या डोक्यावर मागं वळलेली दोन शिंगं. हा गोळे करायचा नाही. जमिनीत भोक पाडायचा आणि वाळत आलेली अख्खी लेंडी डोक्यानं रेटत त्या भोकात लोटायचा. लेंडी अडकली की मागं सरून पुन्हा धडक मारायचा, अगदी टकरीतल्या मेंढ्यासारखी. मेंढीच्या सुक्या लेंडीवर जगणारा असा शेणकिडा मी वाचलेल्या कुठल्याच पुस्तकात नव्हता.

किडा ओळखायचा म्हणजे पुस्तकातले प्रश्न एकामागून एक सोडवत जायचं असतं. डोक्याच्या कडेला खाच आहे का? असेल तर पुढच्या प्रश्नाकडे, नसेल तर भलत्याच पानावर. पाठीवरच्या रेघा खोल की उथळ? शिंगांच्या मध्ये उंचवटा आहे की सपाट? असं जात जात शेवटी एका नावावर पोचायचं. माझा किडा दर वेळी एकाच प्रश्नाशी अडायचा. पुस्तक विचारायचं, मानेवरचा भाग गुळगुळीत की खरखरीत? याचा पुढून गुळगुळीत होता आणि मागून खरखरीत. म्हणजे एक तर मी चुकत होतो, नाही तर पुस्तक लिहिणाऱ्यानं हा किडा पाहिलाच नव्हता.

दिवाळीच्या सुट्टीत मी चिकटपट्टीवर लावलेले किडे डबीत घालून पुण्याला गेलो. तिथल्या एका जुन्या संस्थेत किड्यांचा मोठा संग्रह होता आणि त्यावर एक साहेब होते. भुंगेरे, म्हणजे कडक पाठीचे किडे, या विषयात त्यांचा शब्द शेवटचा मानला जायचा.

"कुठून आलात?"

"शिरूरहून. कॉलेजात शिकवतो."

"अच्छा, शिरूरलाही कॉलेज आहे." त्यांनी डबी उघडली, भिंगाखाली एक किडा धरला आणि चहाचा घोट घेता घेताच खाली ठेवला. "जुनाच आहे. इंग्रजांच्या काळातच याचं नाव ठेवून झालंय. तुमच्याकडं दुष्काळ ना, म्हणून खुरटा राहिला असेल."

बाजूला बसलेले त्यांचे विद्यार्थी हसले.

"पण सर, मानेवरचा भाग..."

"प्रत्येक मास्तरला आपल्या परसात नवी जात सापडते हो. घरी जा, पोरांना शिकवा."

मी घरी गेलो नाही. त्यांनी सांगितलेला तो जुना किडा मला बघायचा होता. तो त्यांच्याच कपाटात होता. आज किल्ली नाही, आज साहेब मीटिंगला आहेत, आज कपाटाला औषध मारलंय, असं करत करत त्यांनी मला हिवाळाभर झुलवलं. मी शनिवारी कॉलेज सुटलं की एसटी धरायचो आणि संस्थेच्या व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसायचो. शेवटी कंटाळून त्यांनी पेटी काढायला लावली. टेबल दिलं नाही. व्हरांड्यातच खिडकीजवळ एक जुना सूक्ष्मदर्शक मांडून दिला आणि शिपायाला सांगितलं, "यांच्यावर लक्ष ठेव."

वरून बघितलं तर दोन्ही किडे एकसारखे दिसतात हे खरं. साहेबांना दोष द्यायला जागा नव्हती. पण भुंगेऱ्यांची जात वरून ठरत नाही. नराच्या पोटातला जननाचा अवयव बाहेर काढून बघावा लागतो. किडा कोमट पाण्यात मऊ करायचा, वाकवलेल्या टाचणीनं तो अवयव अलगद ओढायचा. कापलेल्या नखासारखा टणक असतो तो, आणि प्रत्येक जातीचा आकार वेगळा. जुन्या किड्याचं टोक बोथट होतं. माझ्या किड्याचं विळ्यासारखं आत वळलेलं. मी दुसरा नर उघडला, तिसरा उघडला. प्रत्येकाला विळा.

साहेबांना बोलावलं. या वेळी चहा थंड झाला तरी ते भिंगावरून उठले नाहीत. उठले तेव्हा म्हणाले, "तीन नरांवर प्रजाती उभी राहत नाही. भरपूर नर आणा. आणि एकाच माळावरचे नकोत, दुसऱ्या ठिकाणचेही आणा. मग बोलू."

त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. त्यामुळं तर मला त्यांची आणखी चीड आली.

पुढच्या पावसाळ्यात मी दर रविवारी माळावर. आणि आप्पांनी माझ्याविरुद्ध मोहीमच उघडली. मी यायच्या आधी पहाटेच ते मेंढरं कोंडायचं वाडगं झाडून लेंड्या उकिरड्यात लोटायचे. मेंढरं ओढ्यापलीकडं न्यायचे. मी ओढा ओलांडला की ते डोंगराकडं वळायचे. जेवताना माझ्याकडं बघत नसत, आईला म्हणत, "इचार त्याला, भाकरी पायजे का लेंड्या."

त्याच पावसाळ्यात मेंढरं आजारी पडायला लागली. आधी आमच्या चुलत्यांच्या खांडात. मेंढरू वाळत जायचं, घशाखाली पाण्याची गाठ उतरायची आणि एके दिवशी ते बसायचं ते उठायचंच नाही. मेलेलं मेंढरू फाडलं तर पोटात दोऱ्यासारखे किडे. जंत होते ते, ओल्या गवतातून येतात, दर पावसाळ्यात थोडेफार येतातच. त्या वर्षी फार आले. आणि त्याच वर्षी गावातला एक शिकलेला माणूस बाटल्यांत किडे भरत माळावर फिरत होता. लोकांनी दोन्हीची सांगड घातली.

एका रविवारी सकाळी चुलते आमच्या दारात आले. बरोबर आणखी काही माणसं. चुलत्यांचं तोंड उतरलेलं होतं, आदल्या दिवशी त्यांची चांगली दुभती मेंढी गेली होती.

"भाईर ये," ते मला म्हणाले. "त्या बाटल्यांत काय हाय ते दाव."

मी बाटली आणली. "तात्या, हे निराळे किडे. पोटातले जंत निराळे. उलट हे किडे लेंड्या जमिनीत गाडतात, त्यानं जंत कमी होतात."

"मंग एवढं किडं असताना माझी मेंढरं का मेली?"

मी बाटली त्यांच्यासमोर धरून शिंगं दाखवायला लागलो. मागून कुणीतरी ओरडलं, "ह्योच सोडतोय किडं! पुण्याहून आणून सोडतोय!" एकानं बाटली हिसकावली. दुसऱ्यानं माझी कॉलर धरली. ज्यानं धरली तो शाळेत माझ्या शेजारी बसायचा.

आप्पा आतून आले. त्यांच्या हातात काठी होती. मला वाटलं, आता हेही त्यांच्यात मिळणार. त्यांनी कॉलर धरणाऱ्याच्या मनगटावर काठी ठेवली, मारली नाही, नुसती ठेवली.

"हात काढ."

"आप्पा, तुमच्याच पोरानं..."

"माझ्या पोराला काय करायचं ते मी करीन. माझ्या दारात दुसऱ्यानं हात उचलायचा न्हाई. चला, निघा."

माणसं कुरकुरत गेली. चुलते जाताना आप्पांना म्हणाले, "आजपस्नं तुझं-माझं पानी बंद." ते त्यांनी पाळलं. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नालाही आले नाहीत.

अंगण रिकामं झाल्यावर आप्पा घरात गेले, कोनाड्यातल्या माझ्या सगळ्या बाटल्या घोंगडीत गोळा करून बाहेर आणल्या आणि दगडावर एकेक आपटून फोडल्या. मी आडवा गेलो नाही. आई दारात उभी राहून म्हणत होती, "काचा पायात घुसतील वो." शेवटची बाटली फोडून ते म्हणाले, "झालं. आता हाय का कुनाला काय म्हणायचं?"

आठवड्याभरात आमचंही एक कोकरू गेलं. आप्पांनी जनावरांच्या दवाखान्यातून डॉक्टर आणला. नवं औषध आलं होतं जंतांचं, सुईनं द्यायचं. त्या औषधाबद्दल मी वाचलं होतं. ते मेंढराच्या लेंडीतून बाहेर पडतं आणि लेंडीत घातलेल्या शेणकिड्याच्या अंड्यांतून अळ्या निघाल्या की मरतात. एक-दोन हंगाम असं झालं की त्या माळावरचा किडा संपला.

मी आप्पांना म्हणालो, "सगळ्यांना नका टोचू. जी धडधाकट आहेत त्यातली थोडी तरी सोडा."

"कशापायी?"

"किड्यांसाठी."

आप्पांनी हातातलं मेंढरू डॉक्टरकडं सरकवलं. मग शांतपणे म्हणाले, "मेंढरू मोठं का किडा मोठा?"

"आप्पा, हा किडा जगात दुसरीकडं कुठं आहे ते कुणालाच माहीत नाही."

"आन् माझी मेंढरं जगात दुसरीकडं हायेत व्हय?" आता त्यांचा आवाज चढला. "तुझा एक म्हैना पगार थांबला तर तुला कळंल. त्या किड्याला हाय का आई-बाप? हाय का त्याला कुनी रडनारं? डॉक्टर, टोचा सगळी. कोकरंबी टोचा."

डॉक्टरनं सगळी टोचली. मेंढरं वाचली. गावात बाकीच्यांनीही टोचून घेतली, त्यांचीही वाचली. मी कुणाच्या आनंदात सामील झालो नाही. त्या दिवशी दुपारीच मी शिरूरला परत आलो आणि दसऱ्यापर्यंत केंदूरला पाऊल ठेवलं नाही. पुढच्या पावसाळ्यात माळावर लेंड्या होत्या, पण फोडल्या की आतून कोरड्या भुश्शासारख्या, खाली भोक नाही, किडा नाही. एखादा सापडला तर सापडला.

आईनं वाट दाखवली. एकदा आप्पा घरात नसताना ती म्हणाली, "राहूला माझा मावसभाऊ हाय. त्याच्याकडं अजून मेंढरं हायेत, आन् तो सुया टोचत न्हाई. त्याचा इश्वास न्हाई डॉक्टरवर."

राहू म्हणजे भीमेकाठचं, दौंड तालुक्यातलं. आमच्या कोरड्या माळावरून गेलं की डोळ्यांना गारवा वाटतो, सगळीकडं ऊस. त्या मामांचं खांड नदीच्या वरच्या अंगाला, उसाच्या मळ्यांपलीकडल्या गायरानावर होतं. मी गेलो तर मामा बाजेवर बसलेले. नाव सांगितलं. ते म्हणाले, "तूच का त्यो लेंड्यावाला?"

केंदूरची बातमी राहूपर्यंत माझ्या आधी पोचली होती.

"मामा, तुमच्या मेंढरांना हात नाही लावणार."

"लावूनच बघ. लेंड्या भाईर गायरानात पडल्यात, त्या घे. वाडग्यात पाय टाकलास तर कुत्रं सोडीन."

मी वाडग्यात पाय टाकला नाही. कुत्र्यानं तरीही पोटरी धरली. मामांनी त्याला बोलावलं, पण सावकाश बोलावलं. पोटरीला रुमाल बांधून मी गायरानात बसलो आणि पहिलीच लेंडी उचलली तर खाली भोक, आणि भोकात तांब्याच्या झाकेचा, दोन शिंगांचा तोच. त्या आनंदात दुखणं कळलं नाही. दिवस कलेपर्यंत मी बाटल्या भरत होतो आणि मामा बाजेवरून माझ्याकडं बघत बिडी ओढत होते. जाताना पाणीही विचारलं नाही.

कुत्रं चावल्याच्या सुया तेव्हा पोटात घ्याव्या लागत. घरी कळलं तेव्हा आप्पा आईला म्हणाले, मला ऐकू जाईल असं, "मेंढराला सुई नगं म्हणत व्हता. आता सोताला चालती व्हय?"

आधीच शिरूरच्या खोलीवर नेऊन ठेवलेले केंदूरचे आणि आता राहूचे, असे दोन ठिकाणचे भरपूर नर घेऊन मी साहेबांसमोर उभा राहिलो. आता त्यांनी खुर्ची दिली. चहाही आला. मग म्हणाले, "ठीक आहे, लेख करू. पहिलं नाव माझं. आणि प्रजातीला माझ्या गुरूंचं नाव."

"नाव माझ्या गावाचं द्यायचंय."

"गावाचं?" ते हसले. "ज्या गावानं तुमच्या बाटल्या फोडल्या?"

हे त्यांना कसं कळलं होतं कोण जाणे. मी म्हणालो, "हो, त्याच गावाचं. आणि पहिलं नाव माझं."

"मग मूळ नमुना ठेवायला जागा शोधा. माझ्या संग्रहात नाही."

नवी प्रजाती जाहीर करायची तर ज्या एका किड्यावरून वर्णन केलं तो कुठल्या तरी मान्य संग्रहात कायमचा ठेवावा लागतो. मी दुसऱ्या राज्यातल्या संग्रहाशी बोलणी सुरू केली. ते साहेबांच्या कानावर गेलं. संस्थेच्या हातचा नमुना बाहेर जाणार म्हटल्यावर ते नमले, पण मनातून नाही. शेवटी गावाचं नाव, पहिला मी, दुसरे ते. एकत्र लेख लिहिताना वर्षभर आम्ही एकमेकांची वाक्यं खोडत होतो. "तांबूस" लिहायचं की "काळपट तांबूस" यावर त्यांनी एकदा माझा कागद भिरकावला होता. एक मात्र कबूल करतो, त्या भांडणात वर्णन नेमकं झालं. आजही त्यात बदलण्यासारखा शब्द मला सापडत नाही.

लेख छापून आला तेव्हा नवं शतक सुरू झालं होतं. मी त्याची प्रत घेऊन केंदूरला गेलो. आप्पा अंगणात दोर वळत बसले होते. त्यांच्यापुढं पान उघडलं आणि गावाचं नाव बोटानं दाखवलं. अक्षरं इंग्रजी, त्यांना वाचता आली नाहीत. मी वाचून दाखवलं. ते दोर वळतच राहिले.

"गावाला इचारलं व्हतंस का, नाव देऊ का म्हणून?"

"नाही."

"लेंडीतल्या किड्याला गावाचं नाव. लोक काय म्हणतील?" मग त्यांचं लक्ष खालच्या चित्राकडं गेलं. मोठं करून काढलेलं, विळ्यासारखं टोक. "ह्ये काय काढलंय?"

मी टाळलं. त्यांनी पुन्हा विचारलं. मी सांगितलं.

आप्पांनी दोर खाली टाकला. "नराचं? छापून? जगाला दावायला?" ते उठले, थुंकले आणि आत निघून गेले. आई पदर तोंडाला लावून चुलीकडं वळली. तिचे खांदे हलत होते, ती हसत होती हे नक्की. मला हसू आलं नाही. इतक्या वर्षांनी मी त्यांच्यापुढं काहीतरी धरलं होतं आणि त्यांना त्यात फक्त शरम दिसली होती.

त्यानंतर दोनेक वर्षांत आप्पांनी मेंढरं विकली. गुडघे चालत नव्हते. मला आधी सांगितलं नाही. मी रविवारी गेलो तर वाडगं रिकामं. "मला विचारायचं तरी," मी म्हणालो. "मेंढरं माझी व्हती," ते म्हणाले. माळाच्या कडेला तोवर रांजणगावच्या कामगारांसाठी भाड्याच्या खोल्या उभ्या राहायला लागल्या होत्या. बिहारकडची पोरं शिफ्टवरून येऊन तिथं कपडे वाळत घालायची.

गुडघ्याच्या डॉक्टरसाठी मी आप्पांना माझ्या गाडीतून पुण्याला घेऊन गेलो. येताना वाटेत ती संस्था लागली. मूळ नमुना तिथं होता, लाल चिठ्ठी लावून, काचेच्या पेटीत. फाटकापाशी मी गाडी हळू केली.

"आप्पा, तो किडा हितंच ठेवलाय. बघायचा का? दोन मिनिटं लागतील."

ते समोर बघत होते.

"गाडी थांबवू नगं," ते म्हणाले.

मी गाडी थांबवली नाही. वाघोली गेलं, कोरेगाव गेलं. मला इतका राग आला होता की स्टेअरिंग धरलेले हात दुखायला लागले. शिक्रापूरला कंपनीच्या बसमुळं रस्ता तुंबला होता. तिथं ते पहिल्यांदा बोलले, "चहा पिऊ." मी गाडी बाजूला घेतली. टपरीवर आम्ही दोघं उभ्यानं चहा प्यालो, एकमेकांकडं न बघता, आणि पैसे त्यांनी दिले.